जांभळ्या स्क्रीनचा जबाब

डोळ्यांच्या त्या मोठ्या इस्पितळात ताईंना ओळखत नाही असा माणूस विरळा, पण ताई नेमकं काय करतात हे सांगू शकेल असा माणूस त्याहून विरळा. केसपेपरच्या खिडकीवरच्या मुलींना एवढंच ठाऊक होतं, की कॉम्प्युटर गोठले की तळघरात फोन करायचा. पलीकडून ताई "बघते" म्हणाल्या की पाच-सात मिनिटांत सगळं पुन्हा सुरू होतं.

तळघरातल्या त्या खोलीत बारा महिने थंडी असायची. ताई भर उन्हाळ्यातही स्वेटर घालून, कानाला रुमाल बांधून आत जायच्या. तिथे लोखंडी मांडणीत तीन मोठे सर्व्हर होते आणि प्रत्येकाच्या पोटात तीस-तीस कॉम्प्युटर होते. खरेखुरे नव्हेत, आभासी. नोंदणीचा एक, तपासण्यांचा एक, औषधांचा एक, असे. तीस बिऱ्हाडं एका छपराखाली राहावीत तसं. छप्पर कोसळलं की तिसांचीही झोपमोड व्हायची आणि बाकीच्या दोन सर्व्हरांनी त्यांना आपल्याकडे घेईपर्यंत इस्पितळभर बोंब व्हायची.

असा सर्व्हर कोसळताना गुपचूप कोसळत नाही. पुढे जाणं शक्य नाही हे कळलं की तो सगळं जागच्या जागी थांबवतो, आपली स्क्रीन जांभळी करतो आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत शेवटचं काय घडलं ते लिहून ठेवतो. कुठल्या प्रोसेसरवर, कुठलं काम चालू असताना, काय बिनसलं. ताई त्याला जबाब म्हणायच्या. मशीन पुन्हा चालू करण्याआधी त्या मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढायच्या, तो छापून घ्यायच्या आणि लाल पेनाने ओळीन् ओळ तपासायच्या. बावीस वर्षांच्या नोकरीत असे जबाब वाचून वाचून त्यांना एक कळलं होतं: मशीन खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही.

संशय हा ताईंच्या घरचाच वाण होता. त्यांचे बाबा वीज खात्यात मीटर तपासनीस होते. कुणाचं मीटर हळू फिरतंय, कुणी कुठून तार ओढलीय, हे शोधण्यात त्यांची हयात गेली. ताईंसाठी मुलगा बघायला गेले तेव्हा घरात पाऊल टाकण्याआधी ते मागच्या बाजूला जाऊन त्यांचं मीटर बघून आले होते. मीटर सरळ निघालं म्हणून लग्न ठरलं, असं ताईंचा नवरा अजूनही हसत हसत सांगायचा. तो छापखान्यात होता, स्वभावाने सरळ. बाबा म्हातारपणी त्यांच्याकडेच राहायला आले होते आणि आता मीटर नसल्यामुळे दूधवाल्यावर लक्ष ठेवून होते.

त्या वर्षी पहिला सर्व्हर कोसळला तो एका सोमवारी. जबाब स्पष्ट होता: मेमरीत चूक. सर्व्हरच्या कंपनीचा इंजिनिअर आला, रॅमची एक पट्टी बदलून गेला. प्रकरण मिटलं.

तीन आठवड्यांनी, ऐन ओपीडीच्या गर्दीत, दुसरी जांभळी स्क्रीन आली. त्या दिवशी वरच्या मजल्यावर आठ-दहा म्हातारी माणसं डोळ्यांत थेंब घालून ऑपरेशनची वाट बघत बसली होती आणि कुणाला कुठल्या नंबरचं भिंग बसवायचं तो तक्ताच दिसेना. मोठ्या डॉक्टरीणबाई फोनवर कडाडल्या, "ताई, माझ्यासमोर पेशंट आडवा आहे. मी काय अंदाजाने भिंग बसवू?"

ताईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. सगळं पूर्ववत झाल्यावर छापील फोटो घेऊन बसल्या. या वेळची ओळ निराळी होती. मदरबोर्डकडून सक्तीची हाक आली, कारण अज्ञात, एवढंच.

ही सक्तीची हाक म्हणजे सर्व्हरला टाळता न येणारी हाक. बाकी कुणालाही तो "थांब, हातातलं संपवतो" म्हणू शकतो, हिला नाही. ती आली की काम सोडून थांबायचं. एखादा भाग बिघडला तर ती येते. पण ताईंच्या मनात पाल चुकचुकली ती दुसऱ्याच कारणाने. ही हाक माणसालाही देता येते. प्रत्येक सर्व्हरच्या अंगावर एक छोटा वेगळा कॉम्प्युटर असतो, मोठा बंद असला तरी जागा राहणारा. ताई त्याला रखवालदार म्हणायच्या. त्याच्याकडे नाव आणि पासवर्ड देऊन आत शिरलं की लांबच्या खोलीत बसूनसुद्धा सर्व्हर बंद करता येतो, चालू करता येतो, आणि एका बटणासरशी ती हाकही देता येते.

कंपनीच्या इंजिनिअरने मदरबोर्ड बदलला. दहा दिवसांनी तीच ओळ पुन्हा आली, आणि तीही दुसऱ्याच सर्व्हरवर.

"दोन मशीनचा एकच भाग एकाच महिन्यात कसा जाईल?" ताई घरी जेवताना म्हणाल्या. "आणि दोन्ही वेळा अकरा ते एकच्या मध्ये. गर्दी गाठून."

बाबांनी घास हातातच ठेवला. "कुणीतरी करतंय."

"अहो, लगेच काय कुणीतरी?" नवरा म्हणाला.

"वेळ साधून होतंय म्हणजे कुणीतरी करतंय. मशीनला काय कळतं, गर्दी कधी असते ते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी रखवालदाराची वही उघडली. वही म्हणजे त्याच्याकडची नोंद: कोण कधी आत आलं, कधी गेलं. दोन्ही वेळच्या आधीची पाच-पाच मिनिटं त्यांनी काढून कागदावर छापली. दोन्ही कागदांवर एक अनोळखी नाव होतं, 'निगराणी'. ताईंनी असं खातं कधीच उघडलेलं नव्हतं. ते कुठून येतंय याचा पत्ता बघितला तर तो पहिल्या मजल्यावरच्या नेटवर्कवाल्याच्या टेबलाचा निघाला.

नेटवर्कवाला सहा महिन्यांपूर्वी मुख्य कार्यालयातून बदलून आला होता. पस्तिशीचा, सडपातळ, विचारल्याशिवाय बोलायचा नाही आणि विचारलं तरी मोजकंच. खिडकीवरच्या मुलींनी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं. तो आला तेव्हापासून कुजबूज होती की तळघरातलं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं घाटतंय आणि हा त्याचीच चाचपणी करायला आलाय. ताईंनी तेव्हा कानाआड केलं होतं. आता सगळे धागे आपोआप जुळायला लागले. सर्व्हर सारखे कोसळले की खापर कुणावर फुटणार? ताईंवर. मग काम बाहेर द्यायला साहेब मोकळे.

"अगं, त्याला सरळ विचार ना, हे खातं तुझं का म्हणून," नवरा म्हणाला.

"म्हणजे तो सावध होईल."

"आणि तो निर्दोष असला तर?"

"मग पहिल्याच दिवशी मला येऊन सांगितलं असतं ना त्याने. माझ्या सर्व्हरवर माझ्या नकळत खातं उघडतो, यात पाणी मुरत नाही तर काय?"

बाबा आतल्या खोलीतून ओरडले, "शांत माणसं सगळ्यात वाईट. त्याच्यावर पाळत ठेव!"

ताईंनी तेच केलं. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो दर मिनिटाला तिन्ही रखवालदारांकडे जायचा आणि विचारायचा, आत्ता आत कोण आहे, मशीनची तब्येत कशी आहे, कुणी बटण दाबलं का. त्या प्रोग्रॅमला त्यांनी साधंसं, लक्षात न येणारं नाव दिलं आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

पाळत सुरू झाली त्या आठवड्यात सोमवारी एक सर्व्हर पडला. बुधवारी दुसरा. गुरुवारी पुन्हा पहिला. तिन्ही वेळा तीच ओळ, आणि तिन्ही वेळा अगदी आधीच्या क्षणी निगराणी आत.

"बघ, धीट झालाय," बाबा म्हणाले. "आता त्याला वाटतंय कुणी बघत नाही."

ताईंची झोप उडाली. दुपारी जिन्यावर मौनीबाबा समोरून आला तर त्या त्याच्या हातांकडे बघायच्या. तोही हल्ली तळघराच्या दारातल्या काचेतून आत डोकावताना दिसायचा आणि ताईंनी मान वर केली की निघून जायचा. एकदा त्या पहिल्या मजल्यावर गेल्या तर त्याने टेबलावरचा कागद उलटा करून ठेवला. नुसता कागद, पण ताईंना तो घरापर्यंत पुरला.

शुक्रवारी त्या पाच मिनिटांचे सगळे कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेब इस्पितळाचे व्यवस्थापक होते. गोल चेहऱ्याचे, गोड बोलणारे आणि प्रत्येक गोष्ट अर्धीच सांगणारे. त्यांनी कागद चाळले. 'निगराणी' या नावावर त्यांचं बोट क्षणभर थांबलं.

"हं," ते म्हणाले. "तुमचं म्हणणं आहे, नेटवर्कवाले हे मुद्दाम करतायत."

"मी म्हणत नाही साहेब. कागद म्हणतायत."

"त्यांना काही बोलू नका. पुरावा गोळा करत राहा. सविस्तर अहवाल द्या." आणि ताई दाराशी पोचल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, तुमचा आणि त्यांचा काही जुना वाद वगैरे नाही ना?"

हा प्रश्न का, हे ताईंना उमगेना. अहवालात मात्र काडीची फट ठेवायची नाही, असं त्यांनी ठरवलं. मंगळवारी त्यांनी कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. म्हटलं, बाहेरच्या माणसाचं लेखी मत जोडलं की झालं. सगळे फोटो पाठवले, पाच मिनिटांचे कागद पाठवले.

"मॅडम, एक विचारू?" इंजिनिअर म्हणाला. "पहिला फोटो यात का घातलाय? ती तर मेमरीची चूक आहे. तिचा बाकीच्यांशी संबंध नाही."

ताई चपापल्या. खरंच की. इतके दिवस त्या 'सहा वेळा पडला' म्हणत होत्या. सक्तीच्या हाकेची सुरुवात पहिल्या वेळेपासून नव्हती, दुसऱ्यापासून होती.

"आणि नोंदींचा लॉग पाच मिनिटांचाच का? मला दिवसभराचा पाठवा. हे खातं पडण्याआधी आलं हे खरं, पण एरवी येतच नव्हतं का?"

"बघते," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्यांदाच गेल्या गुरुवारची अख्खी वही उघडली.

निगराणी सकाळी आठला आत आलं होतं. आठ-पाचला आलं होतं. आठ-दहाला, आठ-पंधराला. दर पाच मिनिटांनी, दिवसभर, रात्रभर, आणि दर वेळी काही सेकंदांत बाहेर. बटण त्याने एकदाही दाबलं नव्हतं. चोर असा घड्याळ लावून दिवसातून दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा येत नाही. हा माणूस नव्हताच. हा प्रोग्रॅम होता, तब्येत विचारून जाणारा.

आणि त्याच्या प्रत्येक दोन नोंदींच्या मध्ये दुसरं एक नाव होतं, मिनिटामिनिटाला, मुंग्यांच्या रांगेसारखं. ते ताईंच्याच प्रोग्रॅमचं होतं; आपलंच म्हणून आजवर त्यांनी ते वगळलं होतं.

त्यांनी लाल पेन उचललं. सोमवार, बुधवार, गुरुवार. तिन्ही वेळा दोन्ही नावं एकाच सेकंदाला आत होती. त्याआधीच्या दोन वेळा? तेव्हा ही पाळत नव्हती. पण ताईंची एक जुनी तपासणी होती, दर अर्ध्या तासाने होणारी, वर्षानुवर्षं चाललेली. एकदा ती साडेअकराची, एकदा बाराची. नेमक्या त्याच वेळा.

ताईंनी दोन्ही नावं लाल रेषेने जोडली. रखवालदार एकाला उत्तर देत असताना दुसरा आत येऊन तेच विचारायला लागला की तो गोंधळून गप्प होत असणार. गर्दीच्या वेळी सर्व्हरवर ताण जास्त, उत्तरं सावकाश, म्हणून तेव्हाच दोघं एकमेकांवर आदळत असणार. आणि भानावर आल्यावर त्याला वाटत असणार की मोठं मशीनच निपचित पडलंय. मग तोच हाक देतो, सक्तीची.

पण 'असणार' हा शब्द अहवालात चालत नाही. दुपारी ओपीडी ओसरल्यावर त्यांनी एका सर्व्हरमधली सगळी बिऱ्हाडं शेजारच्या दोघांकडे हलवली. रिकाम्या सर्व्हरवर खोटं काम लावून त्याला दमवलं आणि मग दोन खिडक्या उघडून दोन्हीकडून एकाच क्षणी तब्येत विचारली. काही नाही. पुन्हा विचारली. पुन्हा. अकराव्या वेळी समोरची स्क्रीन जांभळी झाली. मदरबोर्डकडून सक्तीची हाक. कारण अज्ञात.

ताईंनी फोटो काढला. तो हललेला आला म्हणून पुन्हा काढला. मग त्या खुर्चीत बसून राहिल्या. त्या आठवड्यातले तीन दिवस, डोळ्यांत थेंब घालून बसलेली ती माणसं, डॉक्टरीणबाईंचा तो फोन. ते निम्मं त्यांनी स्वतःच्या हाताने घडवलं होतं, दुसऱ्याला पकडायच्या नादात. शिवाय साहेबांच्या टेबलावर त्यांनी दिलेले कागद पडलेले होते. ते परत घेता आले असते तर बरं झालं असतं. फोटो पुसून टाकला, आपला प्रोग्रॅम बंद केला, तर कुणाला कधी कळलंही नसतं. हा विचारही येऊन गेला. तो जाईपर्यंत त्या बसून होत्या.

मग पहिल्या मजल्यावर गेल्या. नेटवर्कवाल्याने त्यांना बघताच टेबलावरचा कागद पुन्हा उलटा केला.

"निगराणी तुमचं ना?" ताई उभ्याउभ्याच म्हणाल्या.

त्याने खिशातून किल्ली काढली. मग खण उघडून त्याने एक जाडजूड फाइल काढली आणि ताईंच्या पुढे सरकवली. पानापानावर ताईंच्या प्रोग्रॅमच्या नोंदी होत्या, हिरव्या पेनाने खुणा केलेल्या.

"आणि हे तुमचं ना?" तो म्हणाला. "नाव बदललंत, पण पत्ता तळघराचा आहे. मला वाटलं, तुम्हीच पाडताय."

"मी? माझेच सर्व्हर?"

"माझं काम फसावं म्हणून. साहेबांनी मला सर्व्हरवर नजर ठेवायला सांगितलं होतं. पहिल्यांदा मेमरी गेली ना, तेव्हा. म्हणाले, ताईंना कळू देऊ नका, त्यांना वाईट वाटेल."

ताईंनी खुर्ची ओढली. "म्हणजे मी शुक्रवारी कागद नेले, तेव्हा साहेबांना ठाऊक होतं की हे खातं त्यांनीच उघडायला लावलंय?"

"मी गुरुवारी माझे नेले होते," तो म्हणाला. "मलाही पुरावा गोळा करत राहा म्हणाले."

दोघंही हसले नाहीत. ताईंनी मोबाइल काढून फोटो दाखवला आणि अकरा वेळा काय केलं ते सांगितलं. त्याने दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग संगणकाकडे वळून निगराणी बंद केलं. ताईंनी त्याच्याच टेबलावरून आपला प्रोग्रॅम बंद केला आणि पासवर्ड टाकताना हाताची आडही धरली. त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"माझी चूक झाली," ताई म्हणाल्या. "सरळ विचारायला हवं होतं. घरी एक जण सांगत होता."

"मलाही कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच होतं.

दोघं मिळून साहेबांकडे गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रसन्नपणे म्हणाले, "बघा, मी पहिल्यापासून म्हणत होतो, दोष यंत्रातच आहे." कंपनीनेही मान्य केलं की रखवालदाराच्या प्रोग्रॅममध्ये खोट आहे. दुरुस्ती यायला दोन महिने लागतील, तोवर एका वेळी एकानेच विचारावं. ताईंनी आणि नेटवर्कवाल्याने मिळून एकच तपासणी ठेवली, दर पंधरा मिनिटांनी, दोघांना दिसेल अशी. डॉक्टरीणबाईंना ताईंनी स्वतः जाऊन खरं ते सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या, आणि ते बोलणं काही गोड नव्हतं.

घरी बाबांना मात्र पटलं नाही. "मशीनचं असेल तसं," ते म्हणाले, "पण त्या माणसाचं काहीतरी असणारच. कागद उलटा का करत होता?"

"माझ्यावरचा होता तो, बाबा."

"बघ! म्हणजे होतंच ना काहीतरी."

पाच आठवडे एकही जांभळी स्क्रीन आली नाही. मौनीबाबा आता दाराच्या काचेतून न डोकावता दार ढकलून आत यायचा, थंडीने हात चोळत उभा राहायचा आणि कधी कधी दोन वाक्यं सलग बोलायचा. दोघं मिळून वही वाचायचे. ताईंना तो आवडायला लागला होता, म्हणजे त्याच्यावर नजर ठेवणं त्यांनी निम्म्यावर आणलं होतं.

मग एका सकाळी वही उघडली तर त्यात एक नवीन नाव होतं, 'पाहुणा'. दर दोन मिनिटांनी. पत्ता इस्पितळाबाहेरचा.

ताईंनी मान वळवून बघितलं. तोही त्यांच्याकडेच बघत होता.

"तुमचं?" त्याने विचारलं.

"नाही. तुमचं?"

"नाही."

पाच सेकंद दोघंही एकमेकांचे चेहरे निरखत राहिले. मग ताईंनी कानाचा रुमाल सोडला आणि दोघं बरोबरच जिना चढून साहेबांच्या खोलीत गेले. साहेबांनी आधी फोन आल्यासारखं केलं, मग पाण्याचा ग्लास शोधला.

"त्याचं काय आहे," ते अखेर म्हणाले, "तुमचं दोघांचं एवढं भांडण, आणि एकदम एवढं पटायला लागलं. मला वाटलं, खाली काहीतरी शिजतंय. म्हणून म्हटलं, बाहेरचं कुणीतरी जरा लक्ष ठेवेल."

ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अकराला दहा कमी होती आणि खाली केसपेपरच्या खिडकीपुढची रांग दारापर्यंत आली होती.

"साहेब," त्या म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता त्यांना फोन करा आणि ते बंद करायला सांगा. तुमची कारणं आम्ही नंतर ऐकू."

नेटवर्कवाल्याने टेबलावरचा फोन उचलून साहेबांच्या हातात दिला, आणि त्यांनी नंबर लावेपर्यंत दोघंही तिथून हलले नाहीत.